इंधन, पदभ्रमणातील

डोंगरवाटांनी पायी प्रवास करणाऱ्यांना मुक्कामी अन्न शिजविण्यासाठी व पाणी उकळण्यासाठी जे इंधन बरोबर न्यावे लागते किंवा जागेवर मिळवावे लागते, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. गिर्यारोहक, विद्यार्थ्यांची पथके, स्काउट, यात्रेकरू व वनखात्याचे कर्मचारी या सर्वांपुढे हा प्रश्न सारखाच उभा राहतो. इंधनाची निवड त्याचे उष्णतामूल्य, वजन, किंमत व उपलब्धता यांवर अवलंबून असते, असे सामान्यतः सांगितले जाते. तथापि सह्याद्रीत उष्णतामूल्यातील फरकापेक्षा इंधन कोठे मिळते, ते बरोबर नेण्यास कायद्याची मुभा आहे काय आणि पेटविण्याची जागा कोणाची आहे, या बाबींना अधिक महत्त्व येते. परदेशी पुस्तकांतील कोष्टके येथे जशीच्या तशी उपयोगी पडत नाहीत, याचे कारण हेच होय.

रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर हे तालुके या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत. महाड-भोर रस्त्यावर घाटाच्या कोकणाकडील पायथ्याशी वरंध हे गाव असून त्याच्याच नावाने वरंधा घाट ओळखला जातो. घाटाच्या माथ्यालगत कावळ्या किल्ला, खाली समर्थ रामदासांच्या वास्तव्यामुळे प्रसिद्ध असलेली शिवथरघळ, दक्षिणेस मंगळगड (कांगोरी), पोलादपूर तालुक्यात ढवळे गावावरचा चंद्रगड व महाबळेश्वराकडे चढणारी ढवळे घाटाची वाट आणि उत्तरेस रायगड अशी पदभ्रमणाची ठिकाणे थोड्या अंतरात दाटलेली आहेत. महाड व पोलादपूर येथे बाजारपेठ, पेट्रोलपंप व गॅसचे वितरक आहेत. बिरवाडीसही बाजार आहे. त्यापुढे मात्र किराणा दुकानात काडेपेटी, मेणबत्ती व कापूर यांपलीकडे पेटविण्याजोगे काही मिळेल, याची खात्री नसते. एका बाजूस औद्योगिक वसाहत व महामार्ग आणि दुसऱ्या बाजूस तीन दगडांची चूल, अशी दोन्ही टोके येथे काही तासांच्या चालीत सापडतात.

उष्णतेची गरज : इंधनांची तुलना करण्यापूर्वी लागणाऱ्या उष्णतेचा अंदाज घेणे इष्ट ठरते. एक लि. पाणी २५° से. पासून उकळबिंदूपर्यंत नेण्यास सु. ७३ किलोकॅलरी उष्णता लागते. समुद्रसपाटीपासून दर ३०० मी. उंचीस पाण्याचा उकळबिंदू जवळजवळ १° से. ने उतरतो. सु. ८२० मी. उंचीच्या रायगडावर तो ९७° से. च्या आसपास असतो, म्हणजे डाळ शिजण्यास थोडा अधिक वेळ लागतो इतकेच. हिमालयातील उंच तळांवर हा फरक स्वयंपाकाचा विचारच बदलून टाकतो. सह्याद्रीत तसे होत नाही. येथील खरा शत्रू वारा होय. घरातील चांगल्या गॅस शेगडीची कार्यक्षमता ६८ टक्क्यांच्या घरात असते. तीच शेगडी उघड्या माथ्यावर वाऱ्यात ठेवल्यास निम्मी उष्णताही भांड्याला मिळत नाही. म्हणून पुढील आकडे उघड्यावरील वापर गृहीत धरून दिले आहेत.

द्रवरूप खनिज तेल वायूचे उष्णतामूल्य किग्रॅ. ला सु. १०,९०० किलोकॅलरी आहे. कार्यक्षमता ५० टक्के धरल्यास १ लि. पाणी उकळण्यास सु. १३ ते १४ ग्रॅ. वायू पुरतो. रॉकेलचे उष्णतामूल्य सु. १०,३०० असून ४५ टक्के कार्यक्षमतेने त्याच कामास १६ ग्रॅ. म्हणजे सु. २० मिलि. रॉकेल लागते. स्पिरिटचे उष्णतामूल्य सु. ६,४०० असल्याने ते ३५ मिलि. लागते. उन्हात वाळलेल्या लाकडाचे मूल्य सु. ३,५०० व तीन दगडांच्या चुलीची कार्यक्षमता १२ टक्के धरली, तर १७५ ग्रॅ. लाकूड जळते. दहा जणांचे पथक रात्रीचा भात-आमटीचा स्वयंपाक, सकाळचा चहा व न्याहारी एवढे करील, तर एकूण उष्णता २० लि. पाणी उकळण्याइतकी होते, असा ढोबळ हिशेब करता येईल. त्यासाठी वायू २७० ग्रॅ., रॉकेल ४०० मिलि., स्पिरिट ७०० मिलि. आणि सुके लाकूड साडेतीन किग्रॅ. लागेल. लाकडाचा आकडा प्रत्यक्षात नेहमी वाढतो. कारण स्वयंपाक संपल्यावर गॅस बंद करता येतो, चूल मात्र जळत राहते व तिच्याभोवती मंडळी शेकत बसतात.

सरपण : हे सर्वांत जुने व वरवर पाहता फुकटचे इंधन. सह्याद्रीच्या उतारांवरील ऐन, किंजळ, जांभूळ, अंजन इत्यादींची वाळलेली लाकडे चांगली जळतात. कारवीच्या वाळक्या काठ्या चटकन पेटतात, पण टिकत नाहीत; त्या आच धरण्यासाठी नव्हे, तर आच लावण्यासाठी उपयोगी पडतात. पूर्वीच्या कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यात जंगलातून सरपण व लोणारी कोळसा बाहेर पाठविण्याचा मोठा व्यवसाय होता आणि कोळशाच्या भट्ट्यांवर राबणाऱ्यांत कातकरी समाजाचे लोक बहुसंख्येने असत. ज्या डोंगरांतून शहरांची चूल पेटली, त्याच डोंगरांत पुढे शहरातील मंडळी हौसेने चूल मांडावयास येऊ लागली, असे म्हणता येईल.

सरपणाची किंमत पैशात दिसत नाही, हाच त्यातील मुख्य दोष आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव वनात विस्तव पेटविणे व लाकूड तोडणे किंवा नेणे प्रतिबंधित आहे. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाने अभयारण्यात विस्तव पेटविण्यास किंवा पेटता सोडण्यास मनाई केली आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या आवारात, परवानगी दिलेल्या जागा वगळता, अन्न शिजविण्यास १९५९ च्या नियमांनी बंदी असून रायगड किल्ल्यास ती लागू पडते. माथ्यावरील गवत डिसेंबरनंतर पूर्ण वाळते आणि वाऱ्याने उडालेल्या एका ठिणगीने अख्खा उतार पेटू शकतो. वणव्यात सापडलेल्या पदयात्रींची काय गत होते, हे तमिळनाडूतील कुरंगणी येथे मार्च २०१८ मध्ये दिसून आले; त्या दुर्घटनेत वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले.

पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. या भागात पदभ्रमणाची सर्वाधिक वर्दळ पावसाच्या महिन्यांतच असते आणि त्या काळात रानातील एकही काटकी कोरडी नसते. वजनाच्या निम्मे पाणी असलेल्या लाकडाचे उष्णतामूल्य सुक्या लाकडाच्या जवळपास अर्ध्यावर येते. बरीचशी उष्णता त्यातील पाणी घालविण्यातच खर्ची पडते व धूर होतो तो वेगळाच. अशा वेळी पथके गावातील घरांकडे वळतात. कोकणात पावसाळ्यापूर्वी आगोटीची जी बेगमी करतात, तीत मीठ-मिरचीइतकेच सरपणालाही स्थान असते. पडवीत किंवा माळ्यावर रचून ठेवलेले ते लाकूड पावसाचे चार महिने पुरावयाचे असते. पाहुण्यांसाठी त्यातील भारा कोणी नाकारीत नाही. पण दर शनिवार-रविवारी नवे पाहुणे येऊ लागल्यावर त्याचा हिशेब घरातील बाईलाच करावा लागतो, आणि पुढील मोळी तिलाच डोक्यावरून आणावी लागते. घरी केलेल्या पिठले-भाकरीचे जे पैसे दिले जातात, त्यांत धान्य व श्रम यांबरोबर सरपणाचेही मोल धरणे न्याय्य होय.

लोणारी कोळशाचे उष्णतामूल्य सु. ७,००० किलोकॅलरी असून तो धूर न करता जळतो. परंतु शेगडीचे व कोळशाचे वजन पाहता तो वाहनापर्यंतच्या मुक्कामांनाच सोयीचा ठरतो. बंद तंबूत किंवा खोलीत कोळशाची शेगडी ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचून झोपेतच मृत्यू येऊ शकतो. या वायूला रंग नाही व वासही नाही.

रॉकेल : पदभ्रमणाचे आधुनिक इंधन म्हणून रॉकेलला मान मिळाला तो दाबाच्या स्टोव्हमुळे. स्टॉकहोम येथील फ्रान्स व्हिल्हेल्म लिंडक्व्हिस्ट यांनी १८९२ च्या सुमारास वात नसलेला, पंपाने हवा भरून रॉकेलची वाफ जाळणारा स्टोव्ह तयार केला व तो ‘प्रायमस’ या नावाने जगभर गेला. नान्सेन यांच्या १८९३–९६ च्या उत्तर ध्रुवीय मोहिमेत व आमुनसेन यांच्या १९११ च्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत तो होता. मराठीत प्रायमस हे विशेषनाम न राहता सामान्यनामच बनले. इंधनाची दोन्ही मराठी नावेही अशीच इंग्रजीतून घडलेली आहेत : ‘रॉक ऑइल’ वरून रॉकेल व ‘गॅस लाइट’ वरून घासलेट.

प्रायमस पेटविणे ही एक कला होती. स्पिरिटमध्ये भिजविलेला काकडा बर्नरखाली लावून बर्नर तापवावयाचा, मग चावी बंद करून पंप मारावयाचा, ज्योत पिवळी आली तर पिन फिरवावयाची. बर्नर पुरेसा न तापताच पंप मारल्यास वाफेऐवजी द्रवरूप तेल उसळून भडका उडे. पंपाचे चामडी वॉशर सुकले की दाब टिकत नसे. त्यावर तेलाचे दोन थेंब सोडले की काम भागे. पितळी स्टोव्ह, पिनांची पुडी, वॉशर व रॉकेलचा डबा हे सामान एका माणसाच्या पाठीवर स्वतंत्रपणे देण्याची रीत पथकांत होती. डब्याचे झाकण सैल राहिल्यास पिठाला व तांदळाला जो वास लागे, तो धुऊनही जात नसे. वातीचे स्टोव्ह वाहून नेण्यास हलके असले, तरी वाऱ्यात त्यांची ज्योत टिकत नाही. इंडियन ऑइलच्या संशोधन विभागात विकसित झालेल्या ‘नूतन’ या वातीच्या स्टोव्हची कार्यक्षमता सु. ६० टक्क्यांपर्यंत होती. पण तो घरासाठी होता, डोंगरासाठी नव्हे.

रॉकेलची खरी सोय त्याच्या स्वभावात होती. त्याचा प्रज्वलनांक ३५° से. च्या वर असल्याने ते सांडले तरी पेट्रोलप्रमाणे तत्काळ पेट घेत नाही. थंडीत त्याचा दाब कमी होण्याचा प्रश्न येत नाही, कारण दाब पंपाने द्यावयाचा असतो. आणि कोणत्याही खेड्यात ते मिळे. यांतील शेवटचे कारण आता उरलेले नाही. हा बदल कसा घडला हे पाहण्यासारखे आहे.

शिधापत्रिकेवर मिळणारे रॉकेल शासनाच्या साहाय्यामुळे स्वस्त होते. २००२ ते २०१० या काळात त्याची किंमत लिटरला नऊ रुपयांच्या आसपास जवळजवळ स्थिर राहिली, आणि त्या काळाच्या अखेरीस डिझेल मात्र त्याच्या चौपटीवर गेले. दोन इंधनांच्या दरांत एवढी दरी पडल्यावर भेसळ होणे अटळ होते. शिधावाटपाच्या रॉकेलला निळा रंग देण्यात येई तो त्यासाठीच. तरीही हा व्यापार थांबला नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलाच्या काळ्या बाजाराचा छडा लावण्यास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. स्वस्त रॉकेलची किंमत कोणी तरी कोठे तरी मोजीत होते, असाच त्याचा अर्थ होतो.

जुलै २०१६ पासून तेल कंपन्यांना दर टप्प्याटप्प्याने, प्रथम महिन्याला व नंतर पंधरवड्याला २५ पैसे, वाढविण्याची मुभा मिळाली. त्या वेळी मुंबईत लिटरला सु. १५ रु. असलेली किंमत चार वर्षांच्या आत दुपटीहून वर गेली व मार्च २०२० पासून रॉकेलवरील अर्थसाहाय्य शून्यावर आले. दरम्यान १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे खेड्यांत गॅसजोडण्या वाढल्या व ज्या घरात गॅस, त्या घरास रॉकेल नाही, या तत्त्वाने कोटा आटत गेला. त्यामुळे ज्या गावात पूर्वी बाटलीभर रॉकेल मागून मिळे, तेथे आता ते घरातच नसते. खुल्या बाजारातील पांढरे रॉकेल १९९३ पासून खाजगी विक्रीस मोकळे झाले असले, तरी ते शहरातील मोजक्या दुकानांतून व शिधावाटपाच्या दराच्या कितीतरी पट किमतीस मिळते. प्रायमस अडगळीत गेला तो त्याच्या दोषांमुळे नव्हे, तर रॉकेल दुर्मिळ झाल्यामुळे.

पेट्रोलवर चालणारे छोटे स्टोव्ह परदेशात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैन्याच्या वापरानंतर, लोकप्रिय झाले. त्यांच्यासाठी तेथे शुद्ध केलेले खास नॅप्था मिळते. भारतात त्याची किरकोळ विक्री रुळलेली नाही. मोटारींच्या पेट्रोलमधील पूरकद्रव्यांमुळे बर्नर तुंबतो, शिवाय ते गोठणबिंदूच्या कितीतरी खालीही पेट घेऊ शकते. पंपावरून सुटे पेट्रोल बाटलीत देण्यावरही निर्बंध असतात. महाड-पोलादपूरच्या महामार्गावर पेट्रोल मुबलक असूनही पदभ्रमणासाठी त्याची शिफारस करता येत नाही.

स्पिरिट : मद्यार्काचा दिवा हा सर्वांत साधा स्टोव्ह होय. त्यास पंप नाही, पिन नाही, आवाज नाही. स्वीडनमधील ट्रँगिया कंपनीचे वाराविरोधक आवरण असलेले संच प्रसिद्ध आहेत. पत्र्याच्या रिकाम्या डब्यापासूनही असा दिवा घरी करता येतो. एकट्या-दुकट्या प्रवाशास चहा व शेवया एवढ्यापुरता तो उत्तम आहे. दहा जणांच्या भातासाठी मात्र त्याची आच अपुरी पडते.

महाराष्ट्रात त्याच्या उपलब्धतेला कायद्याची मोठी आडकाठी आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमान्वये विकृत (पिण्यास अयोग्य केलेल्या) स्पिरिटची विक्री व साठा नियंत्रित आहे. हे निर्बंध निष्कारण नाहीत. मिथिल अल्कोहॉल पोटात गेल्यास आंधळेपणा व मृत्यू ओढवतो. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर बळी घेतले. औषधांच्या दुकानातील स्पिरिटच्या लहान बाटल्यांवर भागविणे हाच पदयात्रींपुढील मार्ग राहतो व तो महाग पडतो. २०२० च्या साथीनंतर हात निर्जंतुक करण्याचे मद्यार्कयुक्त द्रव गावोगाव मिळू लागले आणि काहींनी ते जाळून पाहिले. ते पेटते हे खरे. पण त्यांतील पाणी, ग्लिसरीन व सुगंधी द्रव्ये यांमुळे आच मंद होते आणि घट्टसर प्रकारांची ज्योत दिवसा दिसतच नसल्याने हात भाजण्याचा संभव असतो. विझला असे समजून जळत्या दिव्यात स्पिरिट ओतणे ही या दिव्याच्या बाबतीतील सर्वांत घातक चूक आहे.

हेक्झामिनच्या वड्या हे घन इंधन भारतीय सैन्यात शिधा गरम करण्यासाठी वापरतात. एक लि. पाण्यास सु. २५ ग्रॅ. वड्या लागतात, त्या सांडत नाहीत व ओल्या हवेतही पेटतात, परंतु त्यांच्या धुराने डोळे चुरचुरतात आणि भांड्यास चिकट काजळी धरते. कापूर पूजेच्या सामानात सर्वत्र मिळतो. तो स्वयंपाकाचे इंधन म्हणून निरुपयोगी असला, तरी ओलसर काटक्या पेटविण्यास त्याच्यासारखे दुसरे साधन खेड्यात नाही.

द्रवरूप खनिज तेल वायू : ब्यूटेन व प्रोपेन यांच्या या मिश्रणास व्यवहारात गॅस एवढेच म्हणतात. मुंबईत १९५५ पासून बर्मा-शेल कंपनीने तो घरगुती वापरासाठी विकण्यास आरंभ केला. घरगुती टाकी १४·२ किग्रॅ. ची असते. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत तिची किंमत ८५२ रु. ५० पैसे, म्हणजे किलोस सु. ६० रु. होती. या दराने वर सांगितलेल्या दहा जणांच्या पथकाचे इंधन जेमतेम १६ रुपयांत येते. कोणतेही दुसरे विकतचे इंधन याच्या जवळपास येत नाही. अडचण एवढीच की ही टाकी डोंगरावर नेता येत नाही.

पाच किग्रॅ. ची मुक्त विक्रीची टाकी २०१३ पासून बाजारात आली. ती घेण्यास पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरते. काही पेट्रोलपंपांवरही ती मिळते. इंडियन ऑइलने २०२० मध्ये तिला ‘छोटू’ असे नाव दिले. घरगुती टाकीच्या मानाने तिच्यावरील कर अधिक असल्याने किलोमागे दर जास्त पडतो. भरलेल्या टाकीचे वजनही बारा किलोच्या घरात जाते. तथापि पायथ्याच्या गावी तळ ठोकून दोनतीन दिवस राहणाऱ्या मोठ्या पथकास किंवा शिबिरास हाच सर्वांत किफायतशीर व कायदेशीर मार्ग आहे.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रकार बाजारात आढळतो. दोनतीन किलोची टाकी व तिच्या डोक्यावरच बसविलेला बर्नर, अशी ही सुटसुटीत शेगडी अनेक पथकांनी वर्षानुवर्षे वापरली आहे. ती स्वस्त आहे, वाऱ्यात टिकते व मोठे पातेले पेलते. दोष भरण्यात आहे : घरगुती टाकी उलटी करून नळीने तीत गॅस सोडला जातो. परवान्याशिवाय एका टाकीतून दुसरीत गॅस भरणे गुन्हा आहेच, पण त्यातील धोका कायद्याहून मोठा आहे. द्रवरूप गॅस तापला की फुगतो, म्हणून अधिकृत भरणाकेंद्रात टाकीचा काही भाग नेहमी रिकामा ठेवतात. वजन न करता काठोकाठ भरलेल्या टाकीस ही जागा उरत नाही. ती उन्हात राहिली किंवा चुलीजवळ ठेवली, तर फुटू शकते. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने तंबूच्या किंवा गुहेच्या तळाशी साचून राहतो व दूरच्या काडीनेही पेट घेतो.

पदभ्रमणासाठीच बनविलेल्या, एकदाच वापरून टाकावयाच्या पत्र्याच्या डब्यांत ब्यूटेन किंवा आयसोब्यूटेन-प्रोपेन यांचे मिश्रण असते. त्यांवर तळहाताएवढा बर्नर फिरवून बसवितात. ब्यूटेन ०° से. च्या किंचित खाली उकळतो, आयसोब्यूटेन –१२° से. च्या सुमारास व प्रोपेन –४२° से. ला. म्हणून हिमालयात केवळ ब्यूटेनचा डबा पहाटे निकामी होतो व महाग मिश्रणाची गरज पडते. वरंध्याच्या परिसरात हा प्रश्न उद्भवत नाही. १०° से. ला देखील ब्यूटेनचा दाब वातावरणाच्या सु. दीडपट असतो, तेव्हा साध्या ब्यूटेनवर येथे बारमाही काम चालते. शहरातील दुकानदार सांगतात म्हणून हिमालयी मिश्रणाचे जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. २३० ग्रॅ. चा डबा ४०० रुपयांस पडला असे धरल्यास किलोस सु. १,७४० रु. होतात, म्हणजे घरगुती गॅसच्या एकोणतीसपट. दहा जणांच्या एका मुक्कामास ४७० रु., माणशी ४७ रु. रानातील लाकूड, बेकायदा भरणा व जळका खडक यांच्याशी ताडून पाहता ही रक्कम फार नव्हे. मात्र दर आठवड्यास डोंगरात जाणाऱ्या विद्यार्थ्यास ती जाणवते, हेही खरे. रिकामे डबे भरण्याची जोडनळी विकत मिळते, पण त्या डब्यांची रचना पुन्हा भरण्यासाठी केलेली नसते. हे डबे मुंबई-पुण्याच्या क्रीडासाहित्याच्या दुकानांतूनच घेऊन निघावे. महाडला ते मिळतील असे गृहीत धरू नये.

वाहतूक : इंधन विकत घेणे सोपे, नेणे कठीण, असा अनुभव येतो. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या १६४ व्या कलमानुसार रॉकेल, पेट्रोल, गॅसची टाकी यांसारख्या धोकादायक वस्तू बेकायदा नेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लहान डबाही यातून सुटत नाही. एस. टी. व विमान यांनाही अशीच बंदी लागू आहे. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे थांबलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात, लपवून आणलेल्या टाकीवर चहा करताना आग लागून नऊ जण दगावले. कोकण रेल्वेने वीर स्थानकावर किंवा एस. टी. ने महाडला उतरून डोंगरात जाणाऱ्या पथकास म्हणून जवळ इंधन बाळगता येत नाही. आणि महाडात उतरल्यावर त्याच्या स्टोव्हला जुळणारे इंधन मिळत नाही. ज्यांच्याजवळ खाजगी वाहन आहे त्यांना ही अडचण भासत नाही. सर्व नियमांचा भार एस. टी. ने येणाऱ्यांवरच पडतो.

स्थानिक व्यवहार : या कोंडीतून येथील वाटांवर एक जुनीच पद्धत टिकून राहिली आहे, ती म्हणजे इंधन न नेणे. शिवथरघळीत पूर्वसूचना दिल्यास मुक्कामाची व भोजनाची सोय होते. घाटात वाघजाई मंदिरापाशी चहा-भज्यांच्या टपऱ्या प्रसिद्ध आहेत. परंतु जुलै २०२१ मधील अतिवृष्टीनंतर वरंधा घाट पावसाळ्यात वारंवार बंद ठेवण्यात आल्याने त्यांवर विसंबून निघणे योग्य नाही. पायथ्याच्या गावांत आदल्या दिवशी कळविल्यास जेवण मिळते व रात्रीसाठी भाकरी, चटणी, गूळ बांधून नेता येतो. शिजविण्याची गरज असलेले पदार्थ कमी केल्यास, एकट्या चहापुरते इंधन दहा जणांस ५० ग्रॅ. च्या आत येते.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच पुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा वेळी रस्ता तुटला की टाकी येत नाही, रानातील लाकूड भिजलेले असते आणि आगोटीच्या सरपणावरच घर चालते. पावसाळ्यात या डोंगरांत मुक्काम करणाऱ्या पथकाने जवळ दोन दिवसांचे जादा कोरडे अन्न ठेवावे व यजमानाच्या पडवीतील लाकूड केवळ निकडीच्या प्रसंगीच वापरावे. रिकामे डबे खडकाच्या कपारीत न ठेवता परत न्यावेत. अर्धवट भरलेला डबा मात्र गावात देऊन जाण्याचा मोह टाळावा. त्यास जुळणारा बर्नर तेथे नसतो, आणि असा डबा पुढे मुलांच्या हाती किंवा चुलीजवळ जाण्याचा संभव असतो.